दोन, तीन, चार आणि पुन्हा दोन

१९८० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात बेर्न्ड लुडविग आणि गॉटफ्रीड शात्झ यांचा पाच पानांचा एक निबंध आला. पॅराकॉकस डीनायट्रिफिकन्स या जिवाणूतून मिळालेले सायटोक्रोम सी ऑक्सिडेझ हे प्रथिन दोन उपघटकांचे आहे, असे त्याचा मथळाच सांगत होता. १९८८ साली 'युरोपियन जर्नल ऑफ बायोकेमिस्ट्री'त हेलसिंकीच्या तिघांचा निबंध आला. त्याचा मथळा म्हणत होता, या प्रथिनाला तिसरा उपघटक आहे. १९९५ साली 'नेचर'मध्ये त्याची क्ष-किरणांनी टिपलेली रचना छापली गेली, तेव्हा उपघटक चार भरले. आणि १९९७ साली त्याच गटातून आलेल्या पुढच्या निबंधाच्या मथळ्यात पुन्हा 'दोन उपघटकांचे' असे शब्द आले.

या सतरा वर्षांत जिवाणू बदलला नव्हता. मोजणारे नवखे किंवा निष्काळजी नव्हते. चारही कागद अस्सल आहेत आणि, हे मी मुद्दाम सांगतो, चारही आपापल्या जागी खरे आहेत. मग आकडा का हलला? या प्रश्नाचे उत्तर एका कुठल्या कागदात सापडत नाही. ते मागचेपुढचे सगळे निबंध तारीखवार लावले म्हणजे हळूहळू दिसू लागते.

आधी यंत्र काय आहे ते सांगायला हवे. आपण खातो त्या अन्नातले इलेक्ट्रॉन शेवटी ऑक्सिजनला जाऊन मिळतात आणि पाणी तयार होते. श्वासाने घेतलेल्या ऑक्सिजनचा बहुतेक वाटा याच कामी खर्च होतो. हा प्रवास एका उडीत होत नाही. इलेक्ट्रॉन पटलात रुतलेल्या मोठमोठ्या प्रथिनसंकुलांतून हातोहात पुढे जातात. एनएडीएचकडून ते पहिल्या संकुलात येतात, तिथून युबिक्विनोन नावाच्या तेलात विरघळणाऱ्या रेणूवर, मग सायटोक्रोम बीसी-१ संकुलात, मग सायटोक्रोम सी या लहानशा वाहकावर आणि शेवटी सायटोक्रोम सी ऑक्सिडेझमध्ये. वाटेत जी ऊर्जा सुटते तिच्या बळावर प्रोटॉन पटलाच्या पलीकडे ढकलले जातात. ते परत आत येताना एटीपी तयार करणारे चक्र फिरवतात. आपल्या पेशींत ही सगळी मांडणी तंतुकणिकांच्या आतल्या पटलात असते. जिवाणूला तंतुकणिका नसतात. त्याचे स्वतःचे पेशीपटलच हे काम करते.

ज्या जिवाणूची ही हकीकत आहे तो पहिल्यांदा कागदावर येतो १९१० साली, तोही वेगळ्याच कामासाठी. हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या तंत्रविद्यालयात मार्टिनस बायरिंक सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा चालवीत होते. त्यांची पद्धत अशी की मातीत कोट्यवधी जंतू असले तरी हवा असलेलाच तगेल आणि फोफावेल अशी परिस्थिती आपण निर्माण करायची. मिंकमन या सहकाऱ्याबरोबर त्यांनी जर्मन भाषेत एक दीर्घ निबंध लिहिला. त्याचा विषय होता जिवाणूंकडून नायट्रस ऑक्साइड वायूची निर्मिती आणि त्याचा वापर. नायट्रेट भरपूर आणि हवा बंद अशा स्थितीत मातीतून जो गोल जंतू वर आला त्याला त्यांनी नाव दिले मायक्रोकॉकस डीनायट्रिफिकन्स. ऑक्सिजन नसला की तो नायट्रेटवर श्वास घेतो, इलेक्ट्रॉन नायट्रेटच्या हवाली करतो आणि पायरीपायरीने शेवटी नायट्रोजन वायू सोडतो. त्या निबंधात सायटोक्रोमचा उल्लेख असणे शक्यच नव्हते. तो शब्द जन्माला यायला अजून पंधरा वर्षे होती. १९६९ साली या जिवाणूला पॅराकॉकस ही नवी प्रजाती मिळाली आणि तेच नाव टिकले.

इथे जिवाणूच्या वंशावळीबद्दल थांबून बोलायला हवे, कारण साधनांची खरी अडचण इथेच आहे. जिवाणूवरचा निबंध वाचताना आपण गृहीत धरतो की नाव तेच म्हणजे जीव तोच. प्रत्यक्षात संशोधकाच्या हाती असते ती एका संग्रहातून आलेली नळी. तिच्यावर एक क्रमांक असतो, आणि तो संग्रह ती नळी आणखी कुठून तरी मिळवतो. डेल्फ्टच्या संग्रहातला एलएमडी २२.२१ हा क्रमांक मूळ वंशाचा मानला जातो. तिथून आणि इतर वाटांनी हा जंतू देशोदेशींच्या संग्रहांत पसरला. पुढे १९८३ साली डेल्फ्टमध्येच लेस्ली रॉबर्टसन आणि गाइस क्यूनेन यांनी सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेतून एक जिवाणू वेगळा काढला आणि त्याला थायोस्फेरा पँटोट्रोफा असे स्वतंत्र नाव दिले.

मग १९९६ साली एक निबंध आला, ज्याच्या मथळ्यातच पॅराकॉकसच्या संग्रहांचा इतिहास नव्याने तपासण्याची गरज असल्याचे म्हटले होते. त्यातली युक्ती मला फार आवडते. निरनिराळ्या संग्रहांतल्या 'पॅराकॉकस डीनायट्रिफिकन्स' नळ्यांमधले सायटोक्रोम सी-५५० हे प्रथिन घेऊन त्यातल्या अमिनो आम्लांचा क्रम ताडून पाहिला. एकाच नावाच्या नळ्या दोन गटांत विभागल्या गेल्या. एका गटाचा क्रम मूळ वंशाचा होता. दुसऱ्या गटाचा क्रम थायोस्फेराशी जुळला. म्हणजे चिठ्ठीवर एक नाव आणि आत दुसराच वंश, असे कित्येक वर्षे चालत आले होते, आणि ते उघड झाले ते श्वसनसाखळीतल्याच एका प्रथिनाच्या साक्षीने. १९९९ साली त्या दुसऱ्या गटाला पॅराकॉकस पँटोट्रोफस असे रीतसर नाव मिळाले. त्यामुळे १९९५ साली 'सेल' नियतकालिकात थायोस्फेरा पँटोट्रोफाच्या नावाने छापलेली सायटोक्रोम सीडी-१ ची सुंदर रचना आज शोधायची तर वेगळ्या नावाखाली शोधावी लागते. जुने निबंध वाचताना म्हणून मथळ्यातल्या नावाइतकेच पद्धतीच्या परिच्छेदातल्या वंशक्रमांकाकडे लक्ष द्यावे लागते.

आता श्वसनाच्या धाग्याकडे येऊ. १९२५ साली केंब्रिजच्या मोल्टेनो इन्स्टिट्यूटमधले डेव्हिड केलिन यांनी रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात सायटोक्रोमवरचा निबंध प्रसिद्ध केला. केलिन मुळात कीटक आणि परजीवी यांचे अभ्यासक. घोड्याच्या पोटात वाढणाऱ्या माशीच्या अळ्यांमधले हिमोग्लोबिन ते पाहत होते. माशी प्रौढ झाली की हिमोग्लोबिन नाहीसे होते, पण तिच्या छातीच्या स्नायूंत वर्णपटदर्शकातून चार काळे पट्टे दिसले. तेच पट्टे त्यांना यीस्टमध्ये दिसले. हे पट्टे पाडणाऱ्या रंगद्रव्याला त्यांनी सायटोक्रोम हे नाव दिले. यीस्टचे पाणी हवेबरोबर हलवले की पट्टे पुसट होतात, स्थिर ठेवले की परत उमटतात. जिवंत पेशी ऑक्सिजन कशी वापरते हे डोळ्यांना दिसण्याचा तो क्षण.

या क्षणाची दोन वर्णने आपल्याकडे आहेत. एक १९२५ चा निबंध, ज्यात प्रयोग आणि निष्कर्ष आहेत. दुसरे १९६६ साली, म्हणजे केलिन वारल्यावर तीन वर्षांनी, त्यांची मुलगी जोन हिने पुरे करून छापवलेले पेशीश्वसनाच्या इतिहासाचे पुस्तक. त्यात एके दिवशी हाती नळी होती, पट्टे सापडेनात आणि नळी बाजूला करण्याआधीच ते एकाएकी परत उमटले, अशी गोष्ट आहे. पहिला कागद समकालीन, दुसरा चाळीस वर्षांनंतरच्या आठवणीतून आलेला. अस्सल पत्र आणि बखर यांच्यात जो फरक आपण करतो तो इथेही केला पाहिजे. मात्र या बाबतीत दोन्ही एकमेकांना छेद देत नाहीत. निबंधातला प्रयोग आणि पुस्तकातली गोष्ट एकाच घटनेची दोन रूपे आहेत, आणि गोष्ट गाळली तर केलिन कसे पाहत असत हे कळायचा मार्गच बंद होतो.

१९२५ च्या त्याच निबंधात केलिन यांनी चार्ल्स मॅकमन यांना मान दिला. वुल्व्हरहॅम्प्टनचे हे डॉक्टर. त्यांनी १८८४ ते १८८६ च्या दरम्यान प्राण्यांच्या स्नायूंतले असेच पट्टे नोंदवले होते. त्या काळचे सर्वांत वजनदार जर्मन शरीररसायनतज्ज्ञ फेलिक्स होप-झायलर यांनी ते मानले नाहीत आणि विषय मिटला. मॅकमन १९११ साली वारले. त्यांचे म्हणणे खरे होते हे त्यांना कळले नाही.

केलिन यांच्या १९२५ च्या मथळ्यात प्राणी, यीस्ट आणि वनस्पती आहेत, जिवाणू नाहीत. जिवाणूंचा स्वतंत्र विषय १९२८ साली याओई आणि तामिया या जपानी संशोधकांनी घेतला. १९४१ साली केलिन यांनी हार्प्ली यांच्याबरोबर आतड्यातल्या कोलाय जिवाणूचे पट्टे तपासले, तेव्हा ते हृदयाच्या स्नायूपेक्षा स्पष्टपणे वेगळे निघाले. आपल्याकडे शेवटच्या टप्प्यावर जे सायटोक्रोम ए आणि ए-३ असतात ते तिथे नव्हते. त्यांच्या जागी दुसरेच काही होते. म्हणजे ऑक्सिजनपर्यंत पोहोचण्याची वाट सर्व जीवांत एकच नाही. जिवाणूंमध्ये एकापेक्षा जास्त वाटा असतात, आणि परिस्थिती पाहून जिवाणू त्यांतली एक निवडतो. ए आणि ए-३ हे दोन वेगळे आहेत हे केलिन आणि हार्ट्री यांनी १९३९ साली दाखवले होते. दोन्ही एकाच प्रथिनात बसतात, म्हणून त्या प्रथिनाला एए-३ म्हणतात.

बायरिंकच्या जंतूचे वेगळेपण या पार्श्वभूमीवर उठून दिसते. १९५६ साली व्हर्नन यांनी त्याच्या सायटोक्रोमांची यादी केली. १९६८ साली स्कोल्स आणि लुसिल स्मिथ यांनी त्याच्या पटलातल्या श्वसनसाखळीचे सविस्तर वर्णन केले. हवेत वाढवलेल्या या जिवाणूत एए-३ आहे, सी आहे, युबिक्विनोन आहे. एखाद्या बैलाच्या हृदयातल्या तंतुकणिकेशी ताडून पाहावे इतके साम्य. १९७५ साली ऑक्सफर्डचे फिलिप जॉन आणि बॉब व्हॉटली यांनी 'नेचर'मध्ये लिहिले की तंतुकणिका ज्या पूर्वज जिवाणूपासून आल्या तो पॅराकॉकससारखा असावा. आज आपण 'पॅराकॉकससारखा' इतके नेमके बोलत नाही, तो ज्या मोठ्या कुळातला आहे त्या कुळाबद्दल बोलतो. पण त्या निबंधाने संशोधकांना एक व्यवहारी गोष्ट दिली. प्राण्यातले यंत्र गुंतागुंतीचे असेल तर त्याचे सोपे रूप इथे शोधा.

लुडविग आणि शात्झ यांनी नेमके तेच केले. शात्झ यांच्या प्रयोगशाळेला यीस्टच्या तंतुकणिकांतले ऑक्सिडेझ चांगले परिचयाचे होते. त्याचे सात उपघटक त्यांनी वेगळे काढले होते. त्यातले तीन मोठे तंतुकणिकेच्या स्वतःच्या जनुकांतून बनतात, बाकीचे पेशीकेंद्रातल्या जनुकांतून. आता बाझेलमध्ये त्यांनी जिवाणूचे पटल घेतले, डिटर्जंटने विरघळवले आणि प्रथिन शुद्ध केले. शेवटी जेलवर दोनच पट्टे उरले, सुमारे ४५,००० आणि २८,००० वजनाचे. दोनच उपघटक आणि तरीही तांबे जागेवर, लोह धरणारे हीम जागेवर, ऑक्सिजनचे पाणी करण्याचे काम चालू. केवढे मोठे सुलभीकरण हे! एवढ्या कामाला दोन पुरतात, मग उरलेले कशाला?

हा प्रश्न नुसता कुतूहलाचा नव्हता, त्यामागे एक भांडण होते. १९६१ साली पीटर मिचेल यांनी प्रोटॉनच्या प्रवाहातून एटीपी बनते हा सिद्धांत मांडला. १९७८ साली त्यांना नोबेल मिळाले, आणि आपल्या नोबेल व्याख्यानाच्या मथळ्यात त्यांनी केलिन यांच्या श्वसनसाखळीचे नाव घातले. पॅराकॉकस त्यांना अनोळखी नव्हता. १९७० साली स्कोल्स यांच्याबरोबर त्यांनी याच जंतूतून श्वसनाबरोबर बाहेर पडणारे प्रोटॉन मोजले होते. पण सायटोक्रोम ऑक्सिडेझ स्वतः प्रोटॉन पंप करते हे मात्र ते मानीत नव्हते. त्यांच्या मते ते आतले प्रोटॉन फक्त पाणी करायला वापरते. १९७७ साली हेलसिंकीचे मार्टेन विकस्ट्रॉम यांनी 'नेचर'मध्ये लिहिले की नाही, ते पंपही करते. मिचेल यांनी १९८५ च्या सुमारास हे मान्य केले, तोवर वाद चालूच होता.

वादात एक नवा धागा आला. बर्नमधल्या आझी आणि केसी यांच्या गटाने दाखवले की डीसीसीडी नावाचे रसायन दिले की बैलाच्या ऑक्सिडेझचे पंपिंग मंदावते, आणि ते रसायन जाऊन चिकटते तिसऱ्या उपघटकाला. मग प्रोटॉनची वाट तिसऱ्या उपघटकातून जात असेल का? हे खरे असेल तर दोनच उपघटकांच्या पॅराकॉकसच्या प्रथिनाला पंप करता येता कामा नये. एका जिवाणूतल्या प्रथिनाच्या मोजणीवर एवढा मोठा निर्णय टांगलेला होता. १९८१ साली ॲमस्टरडॅमच्या फान फेर्सेफेल्ड, क्राब आणि स्टाउटहॅमर यांनी अख्ख्या पॅराकॉकस पेशींत ऑक्सिडेझ पंप करते असे दाखवले. पण पेशीत आणखीही पुष्कळ काही असते. १९८२ साली झुरिचचे सोलिओझ आणि काराफोली यांनी लुडविग यांच्याबरोबर ते शुद्ध दोन उपघटकांचे प्रथिन कृत्रिम पटलाच्या फुग्यांत बसवले आणि प्रोटॉन मोजले. पंप चालला. इलेक्ट्रॉनामागे एक प्रोटॉन इतका भरला नाही, पण चालला. मला वाटते या सगळ्या दप्तरातला हा सर्वांत महत्त्वाचा कागद आहे, आणि त्याची आठवण सहसा काढली जात नाही.

पुढचा धक्का जनुकांकडून आला. १९८७ साली राइतिओ, याल्ली आणि मात्ती सारास्ते यांनी पॅराकॉकसच्या ऑक्सिडेझची जनुके शोधून त्यांचा क्रम लावला. दुसऱ्या उपघटकाच्या जनुकाजवळच तिसऱ्याचे जनुक सापडले. ते तुटके किंवा निकामी नव्हते. बैलाच्या आणि यीस्टच्या तिसऱ्या उपघटकाशी त्याचे साम्य उघड होते. मग प्रथिन गेले कुठे? दुसऱ्याच वर्षी हाल्तिया, पूस्तिनेन आणि फिनेल यांनी उत्तर दिले. त्यांनी शुद्धीकरण सौम्य पद्धतीने केले आणि तिसरा उपघटक बाकीच्यांबरोबर बाहेर आला. १९८० ची मोजणी चुकीची नव्हती. त्या नळीत दोनच होते. जिवाणूच्या पटलात मात्र अधिक होते, आणि त्यातला एक शुद्धीकरणाच्या वाटेवर सुटून गेला होता.

तिसरा पंप करीत नाही हे पुढे पुरतेच सिद्ध झाले. १९९१ साली हाल्तिया, सारास्ते आणि विकस्ट्रॉम यांनी डीसीसीडी जिथे चिकटते तेच अमिनो आम्ल बदलले. पंप थांबला नाही. मग तो आहे कशासाठी? १९८९ च्या एका निबंधात तिसऱ्याचे जनुक काढून टाकलेले जिवाणू आहेत. त्यांत बाकीचे प्रथिन नीट जुळून येत नाही. आणि १९९९ साली जोनाथन हॉस्लर यांच्या गटाने रोडोबॅक्टर स्फेरॉइडीस या दुसऱ्या जिवाणूत दाखवले की तिसऱ्याविना ऑक्सिडेझ काम करता करताच स्वतःला निकामी करते. म्हणजे पंपाचे काम दोघे करतात, पण तिसऱ्यावाचून ते दोघे फार काळ टिकत नाहीत. १९८२ चा निष्कर्ष आणि १९८८ चा मथळा यांचा मेळ असा लागतो.

आता २४ ऑगस्ट १९९५. त्या दिवसाच्या 'नेचर'मध्ये इवाता, ऑस्टरमायर, लुडविग आणि मिखेल यांचा निबंध आला : पॅराकॉकसच्या सायटोक्रोम सी ऑक्सिडेझची रचना, २.८ अँगस्ट्रॉमपर्यंत. दुसऱ्याच दिवशी, २५ ऑगस्टच्या 'सायन्स'मध्ये, त्सुकिहारा, योशिकावा आणि सहकाऱ्यांनी बैलाच्या हृदयातल्या ऑक्सिडेझमधली धातूंची ठिकाणे दाखवली. दोन जीव, दोन खंड, एका दिवसाचे अंतर. लुडविग हे नाव इथे पुन्हा आले आहे, पंधरा वर्षांनी. हार्टमुट मिखेल यांना पटलातल्या प्रथिनाची पहिली रचना काढल्याबद्दल १९८८ साली नोबेल मिळाले होते. पटलातली प्रथिने स्फटिक व्हायला तयार नसतात, कारण त्यांचा मोठा भाग तेलकट असतो आणि एकमेकांना नीट धरायला जागा उरत नाही. फ्रँकफुर्टच्या या गटाने एक उपाय केला. ऑक्सिडेझला नेमके चिकटणाऱ्या प्रतिपिंडाचा लहान तुकडा तयार करून त्यांनी तो प्रथिनाला लावला. स्फटिकात एक रेणू दुसऱ्याला धरतो तो या तुकड्याच्या आधाराने.

आणि मग दिसले काय? पटलातून आरपार जाणारे बावीस सर्पिल : पहिल्या उपघटकाचे बारा, दुसऱ्याचे दोन, तिसऱ्याचे सात आणि एक अनपेक्षित, चौथ्याचे. पहिल्या उपघटकाच्या गाभ्यात दोन हीम, त्यातल्या ए-३ च्या लोहासमोर सुमारे ५ अँगस्ट्रॉमवर तांब्याचा एक अणू. ऑक्सिजन या दोघांमध्ये अडकतो आणि तिथेच त्याचे पाणी होते. दुसऱ्या उपघटकाचा एक भाग पटलाबाहेर डोकावतो; त्यात तांब्याचे दोन अणू शेजारीशेजारी बसलेले, सायटोक्रोम सीने आणलेला इलेक्ट्रॉन पहिल्यांदा घेणारे. एका ऑक्सिजन रेणूमागे चार इलेक्ट्रॉन येतात. आतून आठ प्रोटॉन घेतले जातात. चार पाण्यात जातात, चार बाहेर फेकले जातात. प्रोटॉन आत शिरण्याच्या दोन वाटा दिसल्या आणि दोन्ही पहिल्या उपघटकातच. एकीच्या तोंडाशी ॲस्पार्टिक आम्ल, दुसरीत लायसीन. आणि या दोन अमिनो आम्लांच्या एकाक्षरी खुणांवरून त्या डी आणि के वाटा म्हणून ओळखल्या जातात. ॲस्पार्टिक आम्ल बदलले की पंप थांबतो हे कोलाय जिवाणूच्या दुसऱ्या एका ऑक्सिडेझमध्ये १९९३ सालीच दिसले होते. तिसरा उपघटक प्रोटॉनची वाट नाही, हा सोलिओझ यांच्या फुग्यांनी तेरा वर्षे आधी दिलेला कौल आता डोळ्यांना दिसत होता.

चौथा उपघटक लहान आहे आणि बैलाच्या ऑक्सिडेझमध्ये त्याच्याशी जुळणारे काही नाही. बैलाच्या रेणूत तेरा उपघटक आहेत, पण त्यांतला एकही याचा भाऊबंद नाही. व्हिट आणि लुडविग यांनी १९९७ साली त्याचे जनुक शोधले आणि काढूनही टाकले. ऑक्सिडेझच्या कामात उठून दिसेल असा फरक पडला नाही. त्याचे काम काय, हे अजून खुलेच आहे.

त्याच १९९७ साली ऑस्टरमायर, हारेंगा, एर्मलर आणि मिखेल यांचा निबंध आला : दोन उपघटकांच्या ऑक्सिडेझची रचना, प्रतिपिंडाच्या तुकड्यासह, २.७ अँगस्ट्रॉमपर्यंत. मथळ्यात पुन्हा 'दोन उपघटकांचे'. पण १९८० चे 'दोन' आणि १९९७ चे 'दोन' एक नाहीत. पहिल्या वेळी तो जिवाणूबद्दलचा शोध वाटला होता. दुसऱ्या वेळी लेखकांना ठाऊक होते की उरलेले दोन आहेत आणि आपण ते मुद्दाम बाजूला ठेवले आहेत, कारण एवढ्यावर स्फटिक अधिक चांगला येतो आणि काम करणारा गाभा यातच आहे. नुसता मथळा वाचला तर हे कळत नाही. पद्धतीचा परिच्छेद वाचावा लागतो, कोणता डिटर्जंट, किती, कुठल्या पायरीला.

आकड्याची हीच गोष्ट अख्ख्या संकुलांच्या बाबतीतही घडली. १९८५ साली बेरी आणि ट्रम्पावर यांनी पॅराकॉकसमधून बीसी-१ संकुल, सायटोक्रोम सी आणि एए-३ ऑक्सिडेझ एकत्र बाहेर काढले आणि मग त्यांची फोड केली. पाठ्यपुस्तकात वेगवेगळ्या चौकटींत काढलेली ती संकुले पटलात कदाचित एकमेकांना लागूनच असतील. २००४ साली 'जर्नल ऑफ बायॉलॉजिकल केमिस्ट्री'त याचे मोठे उत्तर आले. डिजिटोनिन या फार सौम्य डिटर्जंटने पटल उलगडले तर पहिले, तिसरे (म्हणजे बीसी-१) आणि चौथे (म्हणजे एए-३ ऑक्सिडेझ) संकुल एका महासंकुलात एकत्र येते : पहिल्याचे एक, तिसऱ्याचे चार, चौथ्याचे चार. आणि ज्या जिवाणूत तिसरे किंवा चौथे संकुल जनुकातूनच काढलेले आहे, त्यात पहिले संकुल डिटर्जंटमध्ये टिकत नाही, विखरून जाते. त्या निबंधाच्या लेखकांत हर्मन शेगर यांच्याबरोबर दोन नावे ओळखीची आहेत. एक मोशे फिनेल, ज्यांनी १९८८ साली तिसरा उपघटक बाहेर काढला होता. दुसरे बेर्न्ड लुडविग, ज्यांनी १९८० साली दोन मोजले होते.